तुमच्यानंतर ही गाडी कोणाला हवी असेल?

पत्र : ‘माझं वय 44. लहानपणापासून एकच वेड आहे, जमिनीलगत बसलेली, पाठीमागे इंजिन असलेली गाडी. व्यवसायातला माझा हिस्सा नुकताच विकला. डोक्यावर कर्ज नाही, मुलांच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढलेले आहेत. आता घेऊ म्हणतो. समोर तीन पर्याय आहेत. एक, नवी कोरी हायब्रिड (पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) सुपरकार, भरपूर ऑप्शन लावून. शोरूमवाले म्हणतात, ही गाडी नाही, गुंतवणूक आहे. दुसरा, 2019 ची मॅक्लारेन 720एस. तिसरा, 2012 ची फेरारी 458 इटालिया. माझ्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की 458 सात वर्षांनी जुनी, ताकदीने कितीतरी कमी, तरी भाव जवळजवळ 720एस एवढाच सांगतात. बायको एवढंच विचारते, “तीन वर्षांनी विकायची वेळ आली तर हातात किती येतील?” मला उत्तर देता येत नाही. आणि घेतलीच, तर किंमत टिकावी म्हणून ती कमी चालवू का?’

नमस्कार,

आधी शोरूमवाल्यांच्या त्या वाक्याबद्दल. ते काही मोजक्या गाड्यांच्या बाबतीत खरं ठरलं आहे. मॅक्लारेन एफ1 सगळ्या मिळून 106 बनल्या, आणि त्यातली एक 2021 मध्ये लिलावात 2 कोटी 4 लाख 65 हजार डॉलरला गेली. फेरारीने लाफेरारी 499 जणांना विकली, मग 2016 च्या इटलीतल्या भूकंपानंतर मदतीसाठी आणखी एक बनवून लिलावात काढली. तिला 70 लाख डॉलर आले. विक्रेत्याच्या तोंडी असतात त्या या गाड्या. तो तुमच्या हाती देणार आहे ती मात्र मागणी असेल तोवर कारखाना बनवत राहील अशी गाडी. अशा गाडीचा भाव शोरूमच्या दाराबाहेर पडल्यापासून उतरायला लागतो. पहिली तीन-चार वर्षं झपाट्याने उतरतो, पुढे हळूहळू, आणि कुठेतरी तळाला टेकून थांबतो. काही गाड्यांचा तळ लवकर येतो, काहींचा येतच नाही असं वाटतं. तुम्हाला शोधायचा आहे तो हा तळ.

मी बरीच वर्षं अशा जुन्या गाड्या तपासून त्यांचा भाव सांगायचं काम करत आलो आहे. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि तुमचं 458 चं कोडं त्यानेच सुटतं. गाडी किती वेगाने पळते किंवा ती बनवायला किती खर्च आला, यावर तिचा जुन्या बाजारातला भाव ठरत नाही. कारखाना तीच चीज उद्या पुन्हा, आणि याहून चांगली, बनवू शकेल का, यावर तो ठरतो. म्हणजे तुमच्या गाडीचा खरा स्पर्धक दुसरी कंपनी नसते. ज्या कारखान्यातून ती आली, तोच असतो.

मॅक्लारेनचंच बघा. 2011 मध्ये त्यांनी एमपी4-12सी आणली, 600 अश्वशक्तीची. पुढच्याच वर्षी सुधारित गाडीची ताकद 625 वर नेली आणि जुन्या मालकांनाही सॉफ्टवेअर बदलून ती वाढ मोफत दिली. हे मोठ्या मनाचं होतं, यात शंका नाही. पण त्याच वेळी मालकाला कळून चुकलं, की वर्षभरापूर्वी घेतलेली आपली गाडी सुधारायला जागा होती. 2014 मध्ये 650एस आली, 2017 मध्ये 720एस, 2023 मध्ये 750एस. नावातला आकडा म्हणजेच अश्वशक्ती, त्यामुळे आपली गाडी किती मागे पडली हे मालकाला वेगळं शोधावं लागत नाही. सगळ्यांचा सांगाडा कार्बन फायबरचा, सगळ्यांत दोन टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून ताकद वाढवणारी यंत्रं) लावलेलं व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. एकाच घराण्यातल्या गाड्या आहेत या, आणि प्रत्येक धाकटी थोरलीपेक्षा सरस. मग थोरलीला भाव कोण देणार? 720एस थांबलेल्या जागेवरून 7.8 सेकंदांत ताशी 200 किलोमीटरला पोचते. असामान्य गाडी आहे, चालवली तर पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. पण वेग ही पुन्हा बनवता येणारी चीज आहे, आणि दरवर्षी कोणीतरी ती जास्त चांगली बनवतंच.

आता 458. साडेचार लिटरचं व्ही8, 570 अश्वशक्ती, मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत चढत जाणारं, आणि टर्बो नसलेलं. 2015 मध्ये तिच्या जागी 488 आली ती टर्बो घेऊन. पुढे 2021 मध्ये 296 आली ती सहा सिलिंडर आणि विजेची मोटर घेऊन. दोन्ही 458 पेक्षा वेगवान. तरी पाठीमागे बसवलेलं, टर्बो नसलेलं ते आठ सिलिंडरचं इंजिन मालिकेतल्या फेरारीत परत आलं नाही. धुराचे आणि इंधनाचे नियम ज्या दिशेने चालले आहेत, त्यात ते परत येण्याची चिन्हंही नाहीत. 6,000 फेऱ्यांनंतर ते इंजिन जो सूर धरतं, तो ज्याला हवा आहे त्याला आज 458 कडेच यावं लागतं. जगात माणसं वाढतात, त्या इंजिनाच्या गाड्या वाढत नाहीत. लॅम्बोर्गिनी हुराकानचं दहा सिलिंडरचं इंजिन 2024 मध्ये असंच थांबलं. तिच्या जागी आलेल्या टेमेरारियोत टर्बो लावलेलं व्ही8 आणि विजेच्या मोटरी आहेत. पाच-सात वर्षांनी हुराकानकडेही लोक याच नजरेने बघतील असं मला वाटतं.

याचं याहून बोलकं उदाहरण गिअरचं आहे. फेरारी एफ430 दोन प्रकारांत मिळायची. एकीत धातूच्या खाचांमधून खटकन सरकणारा हाताचा गिअर, दुसरीत स्टीअरिंगमागच्या पट्ट्या. त्या काळात बहुतेकांनी जास्तीचे पैसे मोजून पट्ट्या घेतल्या. शर्यतीतून आलेलं तंत्रज्ञान होतं ते. पुढे दोन क्लचच्या जोरावर झटक्यात गिअर बदलणारा ड्युअल क्लच आला आणि त्याच्यापुढे त्या जुन्या पट्ट्यांचा गिअर अडखळत चालल्यासारखा वाटू लागला. फेरारीने हाताचा गिअर बंदच करून टाकला. आज त्याच वर्षाच्या, त्याच रंगाच्या दोन एफ430 शेजारी उभ्या केल्या, तर हाताच्या गिअरवालीचा भाव दुसरीपेक्षा खूपच वर असतो. नवी घेताना ज्यासाठी जास्त पैसे दिले, त्याच गोष्टीने पुढे भाव खाली ओढला.

पण इथे घाई करून चालत नाही. ‘पुन्हा बनणार नाही’ असं कंपनी म्हणते तेव्हा ते का बनणार नाही, हे विचारा. 2013 मध्ये पोर्शेने 911 जीटी3 आणली ती फक्त ऑटोमॅटिक गिअरमध्ये. हाताच्या गिअरचे चाहते नाराज झाले. मग 2016 मध्ये 911 आर आली. हाताचा गिअर, 500 अश्वशक्ती, फक्त 991 गाड्या. छापील किंमत सुमारे 1 लाख 85 हजार डॉलर होती, आणि लोक काही पटींनी जास्त मागू लागले, त्या किमतीला घेणारेही निघाले. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी3 मध्ये हाताचा गिअर परत दिला, वर मागचा मोठा पंख काढलेली टूरिंगही आणली. आरचे भाव धडाधड उतरले. हाताच्या गिअरला अडवणारा नियम कुठलाच नव्हता, कंपनीचा निर्णय तेवढा होता, आणि निर्णय एका बैठकीत फिरतो. नियम आणि तंत्रज्ञानाची दिशा एवढ्या सहज फिरत नाही. म्हणून 458 च्या इंजिनावर माझा जेवढा भरवसा आहे, तेवढा कुठल्याही ‘लिमिटेड एडिशन’च्या पाटीवर नाही.

नुसती संख्या कमी असूनही भागत नाही. जॅग्वार एक्सजे220 प्रदर्शनात 1988 मध्ये मांडली तेव्हा बारा सिलिंडरची आणि चारही चाकांना ताकद देणारी होती. लोकांनी धडाधड पैसे भरून नावं नोंदवली. 1992 मध्ये गाडी हाती आली ती सहा सिलिंडरची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. मधल्या काळात मंदी आलेली. नोंदणी केलेल्यांपैकी बरेच जण अंग काढून घेऊ लागले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 300 सुद्धा गाड्या बनल्या नाहीत. वेटिंग लिस्ट दाखवून कोणी मागणीची खात्री देऊ लागलं, की मला ही गाडी आठवते. लेक्सस एलएफए तर अवघ्या 500 बनल्या, दहा सिलिंडरच्या अप्रतिम इंजिनाच्या. उत्पादन 2012 मध्ये संपलं, तरी त्यातल्या काही नव्या गाड्या पुढे कित्येक वर्षं न विकता पडून होत्या. आज तिचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर आहे. म्हणजे एलएफए भाव खाणार हे शेवटी खरं ठरलं, पण त्यासाठी मालकाला दहा वर्षं थांबण्याची ऐपत हवी होती. तुमच्या घरचा प्रश्न तीन वर्षांचा आहे.

आता तुमचा पहिला पर्याय. नवी हायब्रिड घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ती आवडली असेल तर घ्या, मात्र गुंतवणूक म्हणून मुळीच घेऊ नका. फेरारी एसएफ90 2019 मध्ये आली, 1,000 अश्वशक्तीची. ती बाजारात इतर फेरारींसारखा भाव धरेल असं अनेकांनी गृहीत धरलं आणि त्यांचे हात पोळले. संख्या मर्यादित नव्हती, विजेच्या बॅटरीचं पुढे काय होणार याची जुनी घेणाऱ्याला धास्ती होती, आणि 2025 मध्ये तिच्या जागी आणखी ताकदवान 849 टेस्टारोसा जाहीर झाली. बॅटरी गाडी उभी असतानाही म्हातारी होते, आणि दरवर्षी येणारी नवी बॅटरी जुनीपेक्षा चांगली असते. पुन्हा बनवता येणाऱ्या चिजांमध्ये तिचा नंबर वेगाच्याही आधी लावावा लागेल.

ऑप्शनबद्दल एवढंच सांगतो, की कार्बनच्या पट्ट्या, रंगीत शिवण आणि कोरलेली नावं यांवर घातलेला पैसा विकताना जवळजवळ परत येत नाही. रस्त्यातल्या उंचवट्यावर गाडीचं नाक वर उचलणारी यंत्रणा मात्र जरूर घ्या. ती नसेल तर पुढचं गिऱ्हाईक फोनवरच नकार देतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पत्नीच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचा एक सरळ मार्ग आहे. शोरूममध्ये जा आणि विचारा, ‘याच मॉडेलची, किंवा हे नवं असेल तर याच्या आधीच्या मॉडेलची, तीन वर्षांची चांगली गाडी आज कोणी आणली, तर तुम्ही रोख किती द्याल? लेखी सांगाल?’ जाहिरातीतला आकडा बघू नका. तो मागितलेला भाव असतो. हातात पडणारा भाव त्याहून कमीच, कारण मधला माणूस आपला नफा, गाडी विकली जाईपर्यंतचा खर्च आणि धोका, सगळं धरून बोलतो. जो माणूस गुंतवणूक म्हणून सांगतो पण हा आकडा लिहून देत नाही, त्याने न बोलताच उत्तर दिलेलं असतं.

मग हिशेब असा मांडा. समजा नवी गाडी 100 ला, वर ऑप्शनचे 20. तीन वर्षांनी 75 हातात आले, तर 45 गेले, म्हणजे वर्षाला 15. जुनी 720एस 60 ला घेऊन 46 ला विकली, तर 14 गेले. 458 ही 60 ला घेऊन 56 ला विकली, तर फक्त 4 गेले. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही तिन्ही जागी मिळालेले खरे आकडे घाला. त्यात तिन्हींचा विमा, टायर आणि सर्व्हिस मिळवा. आणि 458 च्या खाली एक वेगळी ओळ लिहा, दुरुस्तीची. कारण तिथे एक अडचण आहे, ती लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. फेरारी जुन्या गाडीची वॉरंटी 15व्या वर्षापर्यंत वाढवून देते. तुम्ही बघताय ती गाडी 2012 ची, म्हणजे ही मुदत तुमच्याकडे असतानाच संपेल. त्यानंतर ड्युअल क्लच गिअरबॉक्सने त्रास दिला, तर खर्च तुमच्या खिशातून जाईल, आणि तो किरकोळ नसतो. तुमच्यानंतर घेणाराही हेच मोजेल. शक्य असेल तर 2015 ची 458 शोधा. थोडी महाग पडेल, पण तीन वर्षांनी विकताना तिला अजून वॉरंटीचा आधार घेता येईल.

कमी चालवू का, असं तुम्ही विचारलंत. या प्रश्नाने मला नेहमी वाईट वाटतं, म्हणून एका गाडीची हकिगत सांगतो. आठ वर्षांची सुपरकार होती, जेमतेम 3,000 किलोमीटर चाललेली. मालकाने ती जिवापाड जपली होती. वातानुकूलित गॅरेज, वर मऊ कापड, आठवड्यातून एकदा हात फिरवून पुसणं. टायरवर चांगली नक्षी होती, पण बाजूच्या चार आकड्यांवरून कळलं, की टायर गाडीएवढेच जुने आहेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर नखाने दाबलं तर लाकडासारखं लागत होतं. आतली बटणं बोटाला चिकटत होती, कारण त्या काळातल्या प्लास्टिकवरचा मऊ लेप विरघळल्यासारखा होतो. ‘चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला’ म्हणून तीन वर्षं सर्व्हिस चुकवलेली. सुरू केल्यावर वीस मिनिटांत एका सीलमधून तेलाचा थेंब ओघळला. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भाव सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्याच मॉडेलची 31,000 किलोमीटर चाललेली गाडी माझ्याकडे आली होती. दर वर्षीच्या सर्व्हिसची पावती, टायर बदलल्याची पावती, क्लच किती झिजला याचा संगणकी कागद, सगळं एका जाड फाइलमध्ये. ती आधी विकली गेली. हातात आलेल्या रकमेत थोडाच फरक होता, आणि त्या मालकाने आठ वर्षं गाडी चालवली होती.

केवळ संग्रहासाठी घेतलेल्या, मर्यादित संख्येच्या गाडीत एकेक किलोमीटर मोजला जातो, हे खरं आहे. तुमच्या तिन्ही गाड्या तशा नाहीत. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर निवांत चालवा. उभी असेल तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवा. दर वर्षी सर्व्हिस करा आणि प्रत्येक कागद जपून ठेवा.

माझं मत विचाराल, तर 458 घ्या. 720एस मला मनापासून आवडते, आणि पहिल्या मालकाने मोठी घसरण सोसलेली असल्यामुळे ती वाईट सौदाही नाही. पण 750एस आलेली आहे, तिच्यानंतरही काही येईल, आणि प्रत्येक वेळी तुमची गाडी एक पायरी खाली जाईल. तरी तीच घ्यायची ठरली, तर सस्पेन्शन आवर्जून तपासून घ्या. त्यात दाबाखाली वायू भरलेली भांडी असतात, त्यांचा दाब गेला की गाडी खड्ड्यावर ताठ आपटायला लागते.

दोन्हींपैकी जी घ्याल तिची तपासणी विक्रेत्याच्या माणसाकडून करू नका. त्या कंपनीच्या गाड्या रोज हाताळणारा, पण या व्यवहारात ज्याचा पैसा नाही, असा मेकॅनिक शोधा. दोन्ही गाड्यांना कार्बन सिरॅमिक ब्रेक आहेत. त्यांची झीज नुसती बघून नीट कळत नाही, बऱ्याचदा डिस्क उतरवून वजन करावं लागतं. या तपासणीला वेळ लागतो आणि बरेच विक्रेते टाळाटाळ करतात, पण चार डिस्क बदलायचा खर्च एकदा विचारलात तर तुम्ही ती टाळणार नाही. 720एसच्या कार्बनच्या किंवा 458 च्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला कधी मार बसला होता का, तेही गाडी वर उचलून बघायला सांगा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारांवर, बॉनेटवर सगळीकडे फिरवा. एखाद्या जागी आकडा एकदम वाढला, तर तिथे पुन्हा रंग मारला आहे, आणि का मारला हे विचारायला हवं.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी हात लावून बघा. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज करतं, त्यात बरंच काही ऐकू येतं. गरम इंजिन ते लपवतं. तपासणीचा अहवाल आणि तो लेखी आकडा हाती आला की मला पाठवा, आपण दोन्ही एकत्र वाचू. पत्नीलाही सोबत बसवा.